सफरचंदाची दारू, इंग्रजीतून जर्मनमध्ये : शब्दसूची कुठवर आली

बिअरची नावं हातावेगळी झाली. आता सफरचंद घेतलंय, आणि हे प्रकरण भलतंच चिवट आहे.

नुसता ‘सायडर’ शब्द घ्या. ब्रिटनमध्ये ती आंबवलेली, चढणारी. अमेरिकेत मात्र नुसतं सायडर म्हणजे बहुधा न गाळलेला, गढूळ रस; चढणारी हवी तर ‘हार्ड सायडर’ मागायची. म्हणून सूचीचा पहिला रकाना ‘मजकूर कुठला?’ असा ठेवलाय. अमेरिकेतल्या बिनदारूच्या सायडरपुढे ‘नाटुअरट्र्यूबर आप्फेलझाफ्ट’ लिहून मोकळं होता येतं.

चढणारीसाठी जर्मनमध्ये एक शब्द असता तर काय हवं होतं! फ्रँकफुर्टकडे, म्हणजे हेसन प्रांतात, ‘आप्फेलवाईन’, बोलीत ‘एबेलवोई’. ट्रियर आणि सारलांडकडे ‘फीत्स’. श्वाबेन आणि ऑस्ट्रियात ‘मोस्ट’. हेसनची आप्फेलवाईन आंबट, कोरडी, फेस जवळजवळ नाहीच. करड्या-निळ्या बेम्बेलमधून, म्हणजे मातीच्या सुरईतून, खाचांच्या ग्लासात ओततात. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या शेतांवरची कोरडी सायडर याच गोत्रातली, तिला आप्फेलवाईन म्हणायला माझी हरकत नाही. कॅनमधली गोड, फसफसणारी मात्र जर्मन दुकानांतही ‘सायडर’ म्हणूनच विकतात, तर नॉर्मंडीची ‘सीड्र’ म्हणून. तिथे भाषांतराचा हट्ट कशाला?

‘मोस्ट’ एकटा वापरू नका. ‘झ्यूसमोस्ट’ म्हणजे बिनदारूचा रस, आणि ऑस्ट्रियाच्या मोस्टफीर्टेल भागात मोस्ट म्हटलं की आधी नाशपातीच आठवते. इंग्रजी ‘पेरी’साठी, म्हणजे नाशपातीच्या दारूसाठी, ‘बिर्नेनमोस्ट’ तिथूनच उचलला.

सगळ्यात फसवी ‘ॲपल वाइन’. शब्दशः आप्फेलवाईनच, पण इंग्रजीत हे नाव बहुधा साखर घालून कडक केलेल्या प्रकाराला देतात. ब्रिटिश करनियमांत सायडरमधला मद्यार्क ८.५ टक्क्यांच्या खालीच असतो. हेसनच्या आप्फेलवाईनमध्ये तो साधारण सहाच्या आसपास. तेव्हा कडक प्रकाराला ‘आप्फेल-डेझर्टवाईन’ लिहितोय. (‘वाईन’ फक्त द्राक्षांचीच, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाकडून २००७ मध्ये आला होता. हेसनमध्ये असा गदारोळ उठला की तो मागे घ्यावा लागला.)

‘ॲपलजॅक’ अजून दोन ओळी अडवून बसलाय. जुन्या न्यू जर्सीत सायडर थंडीत गोठवून वरचा बर्फ काढून टाकत, उरे ती कडक. आजचा माल ऊर्ध्वपातित, त्याला ‘आप्फेलब्रांट’ चालेल. जुन्या काळच्या मजकुरात मूळ नाव ठेवून खुलासा जोडतो. ‘आप्फेलकॉर्न’ सुचवू नका, ते धान्याच्या दारूवरचं गोड लिकर आहे.

राहिली ‘स्क्रम्पी’, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडची गावठी सायडर. ‘राऊशर’ हा शब्द मोहात पाडतो, पण ती अजून आंबत असलेली कोवळी दारू, आणि स्क्रम्पी पूर्ण आंबलेली, राकट. तूर्त ‘स्क्रम्पी’ तशीच ठेवून पुढे ‘नाटुअरट्र्यूबर आप्फेलवाईन’ लिहिलंय. याहून बरं कुणाला सुचत असेल तर सांगा, ओळ अजून पेन्सिलीतच आहे.