सात वर्षांच्या लेकीला घेऊन गुलमर्गला : पाच दिवस, दोन स्कीज आणि एक अखरोट

पहिल्या दिवशी मनूला कपडे चढवायला बरोबर पंचवीस मिनिटं लागली. थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, वर वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, कानटोपी, हेल्मेट, हातमोजे. शेवटचा चाप खट्कन लावला आणि बाईसाहेब म्हणाल्या, "आई, शू."

त्यामुळे सल्ला क्रमांक एक इथेच सांगून टाकते. आधी बाथरूम, मग थर्मल. आणि एकसंध डांगरीसारखी पँट मुलांना ऊबदार दिसते म्हणून घेऊ नका. कमरेला इलास्टिक असलेली वेगळी पँट घ्या, उतारावर माझे आभार मानाल.

मनूला स्कीइंग, म्हणजे पायाला लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फाच्या उतारावरून घसरणं, शिकवायला आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. तारखा ठरवताना बरीच डोकेफोड केली होती. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे थंडीचा सगळ्यात कडक काळ. तेव्हाच भरपूर बर्फ असेल असं वाटतं, पण हल्ली तसा भरवसा नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं तपकिरी पडली होती. २०२५ मध्ये तर बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. लहान मूल असेल तर माझं मत फेब्रुवारीला. ऊन जरा वर आलेलं असतं आणि थंडीचे दातही थोडे बोथट झालेले असतात. तरी बुकिंग रद्द करता येईल असंच करा.

दुसरं म्हणजे मुक्काम गुलमर्गलाच करा. श्रीनगर पन्नासेक किलोमीटरवर आहे, लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. पण बर्फ पडत असला की घाटाखालच्या टंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. वरचा तेरा किलोमीटरचा घाट मग किती वेळ घेईल ते आभाळालाच ठाऊक. मूल गाडीतच अर्धं दमतं, मग उतारावर काय शिकणार! शिवाय गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. आम्ही पहिला दिवस नुसता बर्फात खेळण्यात घालवला. मनूचं डोकं थोडं दुखलं, गरम पाणी पीत राहिली, संध्याकाळपर्यंत ठीक. हॉटेल घेताना खोली कशाने गरम करतात ते आधी विचारा. वीज जाते. आमच्याकडे बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारी शेगडी होती, तिच्यावरच रोज हातमोजे वाळवले.

आता शिक्षकाबद्दल. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, पण ती गटाने कोर्स घेते. आम्हाला सात वर्षांच्या पोरीसाठी एकट्याने शिकवणारा हवा होता. हॉटेलवाल्याकडून एक जण मिळाला, गावातलाच, तिशीतला, कमी बोलणारा. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या : तास किती, सामान त्या पैशात धरलंय की वेगळं, आणि एका वेळी तो आणखी किती मुलं घेणार. रस्त्यात "मॅडम, स्की? स्लेज?" करत दहा जण मागे लागतात. नम्रपणे नाही म्हणा आणि चालत राहा.

सामानाच्या दुकानात मात्र माझं डोकं फिरलं. मनूचं पाऊल एकोणीस सेंटीमीटर. स्कीच्या बुटांचा आकडा सेंटीमीटरमध्येच असतो, म्हणजे १९ किंवा फार तर १९.५ हवा. दुकानदाराने साडेएकवीसचा बूट काढला आणि वर म्हणाला, दोन मोजे घाला, बसेल. मी नवखी, मान डोलावली. तासाभरात पोरगी रडायला लागली. बुटात टाच उचलली जात होती, त्यामुळे पाय एकीकडे आणि स्की भलतीकडे. दोन मोज्यांमुळे रक्त अडून बोटं आणखी गार. शिक्षकाने बूट काढून पाहिला, काही न बोलता उठला आणि दुसऱ्या दुकानातून लहान जोड घेऊन आला. तेव्हा लक्षात ठेवा : मोजा एकच, पातळ, पोटरीपर्यंत, सुरकुती नको. चाप लावल्यावर मुलाला गुडघे पुढे वाकवायला सांगा, टाच जागची हलता कामा नये. स्की उभी धरली की तिचं टोक मुलाच्या छातीपासून हनुवटीच्या दरम्यान यावं. मनू ११८ सेंटीमीटर, तिला ९०च्या मिळाल्या. स्कीवरचा बूट सोडणारा चाप मुलाच्या वजनाप्रमाणे सैल करून घ्या, नाहीतर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. हेल्मेट आम्ही घरून नेलं होतं, तोच एक शहाणपणा. काठ्या पहिले दिवस देतच नाहीत, हात मोकळे राहिलेले बरे.

शिकवणी सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील. मी कडेने "मनू, वाक! मनू, समोर बघ!" करतेय, नवरा मोबाईल धरून तिसरीकडूनच सूचना देतोय. शिक्षक माझ्याकडे आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, आप चाय पीके आओ." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण टपरीवरून कहवा पिताना पाहिलं, तर आम्ही दिसेनासे होताच रडणं थांबलं होतं. पडली की आधी आमच्याकडे बघायची आणि मग भोकाड पसरायची. बघायला कोणी नाही म्हटल्यावर नुसतीच उठायची. पुढचे सगळे दिवस आम्ही टपरीवर.

ब्रेक लावणं म्हणजे पुढची टोकं जवळ, मागची लांब, उलटा व्ही. सगळीकडची मुलं त्याला पिझ्झा म्हणतात, इथेही तेच. पण घोटाळा वेगळाच होतो. भीती वाटली की मूल मागे रेलतं. मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, ना वळतात ना थांबतात, उलट वेग वाढतो. म्हणजे घाबरून जे करावं त्यानेच आणखी घाबरायची वेळ येते. मी हे तिला समजावून पाहिलं, तिने जांभई दिली. शिक्षकाने तिच्या नडगीवर, बुटाच्या जिभेशी बोट टेकवलं आणि म्हणाला, "यहाँ अखरोट है. तोड़ना है." बस्स. दिवसभर पोरगी नडगी पुढे दाबून अखरोट फोडत खाली येत होती. तुटला का, असं तो प्रत्येक फेरीला गंभीरपणे विचारायचा.

चढणं हे घसरण्यापेक्षा जास्त दमवतं, हे कोणी सांगत नाही. लहान उतारावर स्की आडव्या धरून खेकड्यासारखं पाऊल-पाऊल वर जायचं. म्हणून दिवसाला दोन तास पुरे, मधे एक मोठी सुट्टी. चौथ्या दिवशी ड्रॅग लिफ्ट. दोन पायांमध्ये एक तबकडी येते आणि दोरी वर ओढते. तिच्यावर बसायचं नसतं, नुसतं ओढू द्यायचं. मनू दोनदा बसली, दोनदा पडली.

गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटला सुमारे ३,९५० मीटरवर. आम्ही पहिल्यावरच थांबलो. नुकत्याच शिकणाऱ्या मुलाचं वर स्की घेऊन काही काम नाही, आणि वारा सुटला की दुसरा टप्पा तसाही बंद असतो.

खिशातल्या खाऊबद्दल : चिक्की नेऊ नका. थंडीत ती फरशीच्या तुकड्यासारखी होते, नवऱ्याच्या दाढेचं सिमेंट निघालं. राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर मात्र उत्तम. हातमोजे चारही बोटं एकत्र मावणारे घ्या, वेगवेगळ्या बोटांचे नकोत, आणि दोन जोड. एक भिजतोच. बर्फावरून ऊन उलटं येतं, सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा. मी विसरले, तिचं नाक सोलून निघालं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं काश्मिरात चालत नाहीत, एक तरी पोस्टपेड हवं.

पाचव्या दिवशी ती एकटी, अख्खा लहान उतार, तीन वळणं घेत खाली आली आणि आमच्याकडे न बघता थेट शिक्षकाकडे गेली. "दादा, टूट गया," एवढंच म्हणाली. त्याने फिरनच्या, म्हणजे काश्मिरी लांब अंगरख्याच्या खिशातून खरा अखरोट काढून तिच्या हातमोज्यात ठेवला.

परतीचं विमान गुलमर्ग सोडल्याच्या दिवशी ठेवू नका. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरच सामान उतरवून तपासतात, आत पुन्हा तपासणी, तीन तास हाताशी ठेवा. आमच्या दिवशी तर बर्फामुळे उड्डाणंच रद्द झाली. मधे ठेवलेला एक दिवस हाऊसबोटीवर गेला. दाल सरोवर मी एकटीनेच पाहिलं. मनू विजेच्या ब्लँकेटखाली दुपारचे चार वाजेपर्यंत झोपली होती, अखरोट उशाखाली.