आबांचे 30 फुगे

गेल्या रविवारी पंचगंगेकाठच्या चिखलीच्या घरी ओसरीवर लॅपटॉप मांडला आणि आबांना समोर बसवलं. सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मला तीन प्रयुक्त, म्हणजे चाचणी देणारी माणसं, हवी होती. धाकटा भाऊ झाला, शेजारची वहिनी झाली, राहिले आबा. नुकतीच धार काढून आले होते, हाताला दुधाचा वास होता. माउसचं बटण अंगठ्यानं दाबायला लागले, मग मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं.

चाचणी फुग्याची आहे, माणूस किती जोखीम घेतो ते पाहणारी. 'बार्ट' म्हणतात तिला, 2002 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडली. स्क्रीनवर फुगा दिसतो. बटण दाबलं की तो जरा फुगतो आणि त्या फुग्याच्या कच्च्या खात्यात पैसे पडतात. मूळ प्रयोगात दर पंपाला 5 सेंट, आमच्याकडे 5 पैसे. वाटेल तेव्हा थांबायचं आणि ते पैसे पक्क्या खात्यात टाकायचे. त्याआधी फुगा फुटला तर त्या फुग्याचे सगळे पैसे गेले, पण पक्क्या खात्याला धक्का नाही. असे 30 फुगे. कुठला कधी फुटेल, हे सांगायचं नाही.

आतला हिशोब असा. फुगा 1 ते 128 पैकी कुठल्याही पंपाला फुटू शकतो आणि प्रत्येक आकड्याला सारखीच संधी असते. म्हणजे पहिल्या पंपाला 128 मध्ये 1, तिथून वाचला तर 127 मध्ये 1, असं पुढे. प्रत्येक फुगा 64 पंपांपर्यंत न्यायचा ठरवलं तर निम्मे फुटतात, तरी कमाई सगळ्यात जास्त तिथेच होते. 30 फुग्यांत सरासरीने 48 रुपये. बहुतेक माणसं त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात.

गुण काढताना फुटलेले फुगे सोडून द्यायचे. तो माणूस अजून किती दाबणार होता, हे फुग्यानंच कळू दिलेलं नसतं. राहिलेल्या फुग्यांवरचे सरासरी पंप म्हणजे त्या माणसाचा आकडा.

भावाचा आकडा 41 आला. एक फुगा फुटला की पुढच्या दोन-तीन फुग्यांवर तो विशीतच थांबायचा, मग परत वर चढायचा. वहिनीचा 27.

आबांनी पहिल्याच फुग्यावर हात काढून घेतला. "ह्यो आता किती दम काढंल?"

"ते सांगता येत नाही, आबा. तुम्हीच ठरवायचं."

"मग बास की."

30 पैकी 2 फुटले. बाकीच्या 28 वर सरासरी 12 पंप, कमाई 16 रुपये 80 पैसे. जर्नलच्या रकान्यात यावर एकच शेरा बसतो: जोखीम टाळणारा.

ही चाचणी मला मनापासून आवडते. 'तुम्हाला धोका पत्करायला आवडतं का' असं विचारून एक ते पाचमध्ये खूण करायला लावलं तर माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. इथे तो काय करतो ते दिसतं. आबांना तो प्रश्न विचारला असता तर म्हणाले असते, "शेतकऱ्याला काय विचारतीस?"

पण शेरा लिहायला हात उचलेना, कारण मी 2019 चा ऑगस्ट पाहिलाय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. गल्लीतली जनावरं उंचावरच्या सोनतळीकडे निघाली तेव्हा आबा आमच्या दोन म्हशी घेऊन गोठ्यातच थांबले. 2005 ला पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागून मागे फिरलं होतं, तोच त्यांचा भरवसा. या वेळी ते उंबरा ओलांडून आत आलं. दाव्याची गाठ पाण्यात फुगून इतकी आवळली होती की बोटांनी सुटेना, आबांनी ती विळ्यानं कापली. एक म्हैस जिन्यावरून माडीवर चढवली. दुसरी, तिसऱ्या वेताची, गेली.

12 पंपांवर थांबणारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

मला वाटतं, फरक फुग्यांच्या संख्येचा आहे. चाचणीत 30 फुगे मिळतात. फुटला तर पुढचा येतो, दोन-चार फुटल्यावर हाताला अंदाज लागतो, आणि प्रत्येक फुग्याची किंमत थोड्याफार पैशांची. आबांच्या आयुष्यात त्या रात्रीपर्यंत असे महापूर आले होते तीन: 1989, 2005 आणि 2019. त्यातला मधला फुटला नाही, आणि न फुटलेल्या फुग्यानं त्यांना जे शिकवलं त्यावर ते चौदा वर्षांनी थांबले. शिवाय गोठा रिकामा करून सोनतळीला जाणं त्यांच्या लेखी सुरक्षित नव्हतंच. तिथे वैरण कुठली, दूध कुठे घालायचं, हाही धोकाच. पंप दाबणं कुठलं आणि थांबणं कुठलं, हे चाचणीत आधीच ठरलेलं असतं. त्या रात्री गोठ्यात ते ठरलेलं नव्हतं.

जर्नलमध्ये मी 12 हा आकडा लिहिला आणि त्याखाली, कुठल्या परिस्थितीत घेतला ते: रविवार, सकाळ, ऊन, नदी पात्रात. सरांनी विचारलं तर एवढं सगळं सांगेन.

यंदा पाणी 39 वर आलं की आबांना परत एकदा बसवायचं माझ्या मनात आहे, त्याच 30 फुग्यांवर. त्यांना तसं बोलले, तर ते वैरणीची पेंढी सोडत म्हणाले, "तवा मी कुठला घावतोय बाळ तुला? 37 लाच म्हसरं घिऊन माळावर असतोय."