आधी वांगी, मग गांधीतीर्थ

साताऱ्याहून कामासाठी जळगावला आलो होतो, मुक्काम ताईकडे. काम पहिल्याच दिवशी उरकलं आणि परतीची महाराष्ट्र एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी रात्रीची. मोबाईलवर सहा ठिकाणांची यादी करून सकाळी चहाच्या वेळी दाजींपुढे धरली. त्यांनी न बघताच विचारलं, "भरीत खायचंय ना? मग आधी आसोदा."

आसोदा माझ्याही यादीत होतंच, पण बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून. १८८० साली त्या तिथे जन्मल्या. दाजींच्या लेखी ते वांग्यांचं गाव. शहरापासून पाच-सहा किलोमीटर, थंडीत मोटरसायकलवर कानाच्या पाळ्या बधिर झाल्या.

ढिगातली वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, एकेक दोन मुठींएवढं. मी चांगली जडजड निवडून तागडीत टाकली. विकणाऱ्या आजींनी एक शब्द न बोलता सगळी काढून परत ढिगात ठेवली. "जड वांग्यात बियाच बिया," दाजी हसून म्हणाले, "दिसायला मोठं आणि हाताला हलकं, ते भरताचं." चार किलो घेतली. वांगी घरी टाकली आणि मग फिरायला निघालो.

जुन्या जळगावातला चौधरी वाडा, म्हणजे बहिणाबाईंचं सासर. त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. अक्षरओळख नसलेली बाई शेतात, जात्यावर गाणी रचायची. ती गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर आली आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. इथे मी घाई केली नाही.

गांधीतीर्थाला मात्र माझा हिशेब साफ चुकला. शिरसोली रस्त्यावर जैन हिल्सवर गांधीजींवरच्या संग्रहालयाची ही जोधपुरी दगडातली इमारत आहे. २०१२ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते तिचं उद्घाटन झालं. प्रतिभाताई याच जिल्ह्यातल्या. तासाभरात उरकेल असं मी धरलं होतं. कानाला यंत्र लावून दालनं बघत गेलो आणि दोन तासांनंतरही बरंच उरलेलं. तेवढ्यात घरून फोन: "पऱ्हाटी पेटवली." दाजी चपला घालून तयार. मेहरूण तलाव गाडीवरूनच बघितला, तिथे कागदाच्या पुडीत मेहरूणची बोरं घेतली. महापालिकेची सतरा मजली इमारत लांबूनच दिसली, आणि सराफ बाजार राहिला तो राहिलाच.

अंगणात ताईच्या सासूबाई पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळाशी बसलेल्या. वांग्यांना सुरीने टोचे मारून तेलाचा हात फिरवलेला. मला एक बाजू दिली. साल काळी पडताच मी वांगं बाहेर ओढलं, तर त्या म्हणाल्या, "जयू द्या भाऊ, जयल्याबिगर चव येत नाही." यांच्या बोलीत ळ चा य होतो, जळगावचं जयगाव आणि केळीची केयी. मला ते ऐकतच राहावंसं वाटत होतं, पण डोळ्यांत धूर गेलेला.

माझ्या बाजूचं एक वांगं फटकन फुटलं. टोचे मीच मारले होते, आणि नेमकं ते सुटलं होतं.

भाजलेली वांगी थोडा वेळ झाकून ठेवली, मग देठाला धरून सोलली. लांबट लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि वर ही वांगी घालून मुसळाने ठेचायची. मिक्सरचं नाव काढल्यावर ताईच्या सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. या घरात हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. सोबत कळण्याची भाकरी: ज्वारी आणि काळे उडीद मिठासकट दळलेले, रंगाला करडी. आमची पांढरीशुभ्र भाकरी मला फार प्रिय, पण या भरताशी कळण्याचीच जोडी. तिसरी भाकरी मी मागितली नव्हती, ती वाढली गेली.

स्टेशनवर पोचायला उशीर झाला, डबा शोधत धावलो. गाडी सुटल्यावर ताईने दिलेली पिशवी वर ठेवत होतो, तर समोरच्या बर्थवरचे काका मान वर करून म्हणाले, "आसोद्याची का?"




पिशवी परत खाली घेतली. भाकऱ्या सहा होत्या.