आमची वाटचाल : बारा मीटरची केबल

सोलापूरच्या नवी पेठेत 2001 साली कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासाठी दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला तेव्हा आम्ही दोघं होतो. गिऱ्हाईक, बिलं, उधारी माझ्याकडे, हत्यारं भागीदाराकडे. त्याचं पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न दुसऱ्या कुणी उचललेलं त्याला खपायचं नाही. नऊ पिनांच्या कनेक्टरवर मोहरीच्या दाण्याएवढा टाका घालायचा. मग मीटरचा बझर वाजवत, या टोकाची पिन त्या टोकाच्या कुठल्या पिनेला, हे एकेक मोठ्याने म्हणायचा: दोन-तीन, तीन-दोन, पाच-पाच, सात-आठ, आठ-सात, चार पलीकडच्या सहा आणि एकला. दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी ही नल मोडेम केबल आम्ही रेडिमेड कधी विकली नाही.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले अण्णा. त्यांच्या शेडमधल्या डिझाइनच्या कॉम्प्युटरचं लॅन, म्हणजे नेटवर्कची जोडणी, पावसाळ्यात वीज पडून जळालं होतं, नवं कार्ड बसवायला स्लॉट सगळे भरलेले, आणि व्हायरसच्या धास्तीने पेन ड्राइव्हला कारखान्यात बंदी. जेकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी काढणाऱ्या मागाची, डिझाइनं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून शेडमध्ये न्यायची कशी? भागीदाराने बारा मीटर केबल टाकून विंडोज एक्सपीचे दोन्ही कॉम्प्युटर सिरीयल पोर्टने, म्हणजे मागच्या नऊ पिनांच्या जोडणीने, थेट जोडून दिले. ऑफिसवाला होस्ट (फोल्डर देणारा), शेडवाला गेस्ट (ते उघडणारा). वर्षभर तक्रार नाही.

2005 च्या दिवाळीआधी, ऐन ऑर्डरींच्या घाईत, शेअर केलेलं फोल्डर उघडेनासं झालं. कनेक्शन लागायचं, युजरनेम-पासवर्ड घ्यायचं, कोपऱ्यात दोन कॉम्प्युटरांचं चित्रही यायचं. फोल्डरवर क्लिक केलं की नेटवर्क पाथ सापडत नाही. पिंग केलं, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला नुसती हाक मारली, तरी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', उत्तर नाही.

मी काय केलं? केबलला दोष दिला. नवी करून लावली, मग अजून एक, मग तिसरी. भागीदार म्हणत होता, "पासवर्ड त्याच तारेतून गेला ना? मग तार तुटली कशी?" मी त्याला अण्णांसमोर बोललो. दुसऱ्या दिवशी तो आयर्न, मीटर आणि सोल्डरिंगच्या रोझिनची (राळेची) डबी पिशवीत घालून निघून गेला.

अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "काय ओ, दुकान चालवताय की खेळताय?" आणि पेमेंट थांबवलं. पेठेतल्या एका मोठ्या शोरूमवाल्यांनी दोन्ही कॉम्प्युटर बदलायचं कोटेशन अण्णांच्या टेबलावर ठेवलं. 'त्यांना साधी केबल जमत नाही' हे वाक्य महिनाभरात चाटी गल्लीपर्यंत पोचलं. तीन महिन्यांचं भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

एका रात्री अण्णांच्या ऑफिसात एकटाच बसलो. आधी कनेक्शन तोडलं आणि दोन्हीकडे हायपरटर्मिनल (तारेवरून नुसती अक्षरं पाठवणारा एक्सपीतला प्रोग्रॅम) उघडून, पोर्टचा वेग सारखा ठेवून, शेडमधून अक्षरं टाइप करून आलो. ऑफिसच्या पडद्यावर ती आलेली होती. केबल ठणठणीत! नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी एवढं लिहून ठेवावं: अक्षरं पलीकडे पोचत असतील तर आयर्न गरम करू नका. मग संशय फायरवॉलवर, म्हणजे विंडोजमधल्या पहारेकऱ्यावर, घ्या; तो आयपीची पॅकेटं (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) अडवतो, नुसत्या तारेवरची अक्षरं त्याच्या हद्दीत येत नाहीत. (आणि भागीदारी दोस्तीत असली तरी स्टँप पेपरवर करा. असो.)

मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फायरवॉलचा लॉग (नोंदवही) चालू केला आणि शेडमधून फोल्डर पुन्हा उघडून पाहिलं. लॉगमध्ये ड्रॉप, ड्रॉप, ड्रॉप, म्हणजे अडवलं; पोर्ट 445, पोर्ट 139, फाइल शेअरिंगचेच दरवाजे. उलगडा झाला. मधल्या काळात ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच शोरूमवाल्यांकडे सर्व्हिसिंगला गेला होता. त्यांनी एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 (मोठा अपडेट) टाकला, त्याने फायरवॉल आपोआप चालू होतो, आणि वर 'कोणताही अपवाद नको' या चौकटीत टिक करून दिली. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

फायरवॉल सरळ बंद करणारेही पुष्कळ आहेत. पण 2003 चा ब्लास्टर, नेटवरून आपोआप शिरणारा व्हायरस, आम्ही विसरलो नव्हतो. साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायचे आणि पेठेत आमच्या दारात रांग लागायची. मी ती टिक काढली, फाइल शेअरिंगला अपवाद दिला आणि तोही शेडच्या कॉम्प्युटरच्या एकाच आयपी पत्त्यापुरता. त्यासाठी होस्टमध्ये पत्ते ठरवून दिले: ऑफिसला 192.168.10.1, शेडला 192.168.10.2. फोल्डर उघडलं. पण मोठी फाइल मध्येच अडकायची.

लॉगचा कागद घेऊन भागीदाराच्या घरी गेलो. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "वेग किती ठेवलायस?"

"सेकंदाला 115200 बिट."

"बारा मीटरला? मी 38400 ठेवला होता."

केबली बदलताना तो मीच वाढवला होता. परत जाऊन कमी केला. दोनशे केबीचं डिझाइन मिनिटाच्या आत शेडमध्ये, एकदाही न अडकता. भागीदार काही परत आला नाही.

पुढची वर्षं बरी गेली. पाटल्या सोडवल्या, गाळा विकत घेतला, आज पोरगा कॅमेऱ्यांचं काम बघतो. अण्णा शेवटपर्यंत आमचेच राहिले. त्यांनी नवं मशिन घेतलं तेव्हा भागीदाराची ती पहिली केबल टॉवेलात गुंडाळून दुकानात पाठवून दिली. बिलातून मात्र त्यांनी माझ्या तिन्ही केबलींचे पैसे कापले होते. ते आमच्या वहीत अजून येणे दिसतात.