आमची वाटचाल: पहिली आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स

फर्म सुरू केली तेव्हा आम्ही तिघंच होतो, मी, माझा पार्टनर आणि फाइलिंग बघणारी एक मुलगी. काम बहुतेक ट्रेडमार्कचं, पेटंट अधूनमधून. परदेशातल्या केसेस आल्या की पुस्तक काढून वाचायचं आणि अर्ज करायचा, एवढंच चाललं होतं.

मग ती पंपवाली केस झाली. क्लायंटने नवीन व्हॉल्व्ह बनवला, आधी प्रदर्शनात मांडला, माहितीपत्रकं वाटली आणि आठ दिवसांनी आमच्याकडे आला. आम्ही ड्राफ्टिंग मन लावून केलं पण "कुणाला दाखवलंय का?" हे विचारलंच नाही. अमेरिकेत निभावलं, कारण तिथे संशोधकाने स्वतः जाहीर केलं तरी अर्ज करायला 12 महिन्यांची सवलत मिळते. युरोपात तसं नाही. तिथे अर्जाच्या तारखेआधी काहीही लोकांसमोर आलं की नवीनता गेली आणि तिच्याबरोबर पेटंटही, मग ते तुम्हीच आणलेलं का असेना, अपवाद फार थोडे. परीक्षकाने त्याचंच माहितीपत्रक समोर ठेवलं. क्लायंट आम्हाला एका शब्दाने बोलला नाही आणि ते जास्त लागलं.

त्यानंतर ठरवलं की कॉन्फरन्सला जायचंच. पैसे साठवून गेलो, खरं सांगायचं तर भाषणं ऐकायला. भाषणं चांगलीच होती, माद्रिद पद्धतीवरचं (एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवायची सोय) तर फारच, मूळ ट्रेडमार्क पहिल्या 5 वर्षांत पडला तर त्यावर उभी असलेली बाकीच्या देशांतली नोंदणीही त्याच्याबरोबर जाते हे क्लायंटला कसं समजावायचं, ते तिथे नीट कळलं. पण खरं शिक्षण झालं मीटिंगच्या हॉलमध्ये. लहान लहान टेबलं, प्रत्येक भेटीला अर्धा तास, गळ्यात बॅज, आणि प्रत्येकाच्या हातात पेन कारण भेट संपली की समोरच्याच्या कार्डामागे दोन ओळी लिहून ठेवायच्या, नाहीतर रात्री चाळीस कार्डं सारखीच दिसतात.

तिथे एका वयस्कर जर्मन पेटंट वकिलांना मी पंपाची केस सांगितली. त्यांनी बॅगेतून त्यांच्या ऑफिसचा एक पानी फॉर्म काढला. पहिला प्रश्न शोधाचा नव्हताच. कुठे दाखवलं, कुणाला विकलं, कुणाला पाठवलं, तारखेसकट. शोध काय आहे ते त्याच्या खाली. मी तो फॉर्म कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

परत आल्यावर आमचा फॉर्म बदलला आणि डॉकेट, म्हणजे मुदतींची नोंदवहीही. 1883 च्या पॅरिस करारातली प्राधान्याची मुदत (पहिल्या अर्जाची तारीख धरून दुसऱ्या देशांत अर्ज करायची), पेटंटला 12 महिने आणि ट्रेडमार्क-डिझाइनला 6, आता अर्ज केला त्याच दिवशी नोंदवतो आणि तीन जण तपासतात. पीसीटीने, म्हणजे पेटंटच्या एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने, गेलो तर बहुतेक देशांत 30 महिन्यांपर्यंत वेळ मिळतो, पण पहिले 12 चुकले तर प्राधान्यच हातून जाण्याची पाळी येते, हे नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगतो. कार्डांवरच्या लोकांना मेल केले, बऱ्याच जणांचं उत्तर आलं नाही, पण चार जणांशी आजही काम चालू आहे, त्यांची कामं आमच्याकडे येतात, आमची त्यांच्याकडे जातात.

पंपवाला क्लायंट मागच्या महिन्यात परत आला, नवीन व्हॉल्व्ह घेऊन. खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "अजून कुणालाच दाखवलं नाहीये, आधी इथे आणलं." अर्ज त्याच आठवड्यात गेला.