दात कसाले चावी ऱ्हायना?

"दात कसाले चावी ऱ्हायना भो? वजन ते हातमा शे!"

धुळ्यातल्या जिममध्ये आज सकाळी दादांनी डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम) मारणाऱ्या पोराला हटकलं. सगळे हसले. पोरगंही हसलं, आणि पुढच्या वेळी बार उचलताना पुन्हा तेच. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सुपारीएवढी गाठ टरारून वर आली. बार खाली टेकला की गाठ गायब.

तो मॅसेटर, चावायचा स्नायू. गालावर बोटं ठेवून दात आवळून बघा, लगेच लागतो हाताला. जोर लावायचा असतो कंबर-पायांनी, आणि हा गडी न बोलावता हजर!

पण अगदीच फुकटचा पाहुणा नाही बरं का. गुडघ्यावर हातोडी मारताना डॉक्टर कधीकधी "दात आवळा" म्हणतात, नाहीतर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावतात. पाय जास्त उडतो. हंगेरीच्या येन्ड्रासिक नावाच्या डॉक्टरांनी ही बोटांची युक्ती १८८५ मध्येच मांडली होती. म्हणजे दादांचं हसणं अर्धंच बरोबर. उरलेलं अर्धं दातांच्या डॉक्टरांना विचारा, झिजलेल्या दाढा तेच बघतात. कानशिलं दुखतात ती वेगळीच.

तेव्हापासून डोक्यात कबड्डी घोळतेय. चढाईला गेलेल्याला एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहावं लागतं, म्हणजे दात आवळायची सोयच नाही. आणि त्याला धरून ठेवणारे मात्र सगळे दातओठ खाऊन!

तुमच्याकडे कोण कोण दात खातं, जिममध्ये की ऑफिसात?