कच्च्या दिसतात तेव्हाच बाहेर काढायच्या

ओट्स घालून चॉकलेट चिप कुकीज करायच्या ठरवल्या, तेव्हा मला नेमकं काय हवंय ते डोक्यात पक्कं होतं. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ आणि किंचित चिवट, ओट्स दाताखाली यायला हवेत आणि चॉकलेट प्रत्येक घासाला लागायला हवं. कडक, खुसखुशीत बिस्किटं मला नको होती. हे आधी ठरवलेलं बरं, कारण साहित्य तेच ठेवून दोन साखरांचं प्रमाण आणि ओव्हनमधली दोन-तीन मिनिटं बदलली, तरी वेगळीच कुकी हातात येते.

माझं प्रमाण असं: 115 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम ब्राऊन शुगर, 50 ग्रॅम पांढरी साखर, एक अंडं, एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स, 95 ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, पाव चमचा मीठ, 130 ग्रॅम ओट्स आणि तेवढेच चॉकलेट चिप्स. एवढ्यात मध्यम आकाराच्या अठरा-एकोणीस कुकीज होतात. मी सगळं वजनकाट्यावर मोजतो. मैद्याच्या बाबतीत तर कपाचा भरवसा धरूच नये. चमच्याने हलक्या हाताने भरला तर कपात साधारण 120 ग्रॅम मैदा बसतो, आणि तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला की 150 ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या फरकाने कुकी पसरायचीच थांबते आणि गोळा गोळ्यासारखाच भाजून निघतो.

ओट्स जाड पाकळ्यांचे घ्यायचे, ज्यांना रोल्ड ओट्स म्हणतात. हे ओट्स वाफवून रोलरखाली चपटे केलेले असतात, त्यामुळे भाजल्यावर मऊ होतात पण आकार सोडत नाहीत. झटपट शिजणारे ओट्स फार पातळ आणि बारीक असतात. ते ओलावा लगेच पितात आणि कुकीत कुठे गेले ते कळतही नाही. उलट, स्टील कट ओट्सचे तुकडे एवढ्या वेळात शिजत नाहीत आणि दाताखाली कचकचतात.

बटर फ्रीजबाहेर काढून ठेवायचं आणि विसरून जायचं. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण वडीचा आकार मोडता कामा नये. साधारण 18 ते 20 अंश सेल्सिअसला बटर असं होतं. घाई झाली म्हणून मायक्रोवेव्हमध्ये घातलं तर कडा वितळतात आणि मधला भाग तसाच घट्ट राहतो. वितळलेल्या बटरच्याही कुकीज होतात, चांगल्या होतात, पण त्यांचं गणित वेगळं आहे. इथे बटर आणि साखर एकत्र फेटायची असते. साखरेचे टोकदार कण बटरमध्ये घुसतात आणि हवेचे बारीक बारीक कप्पे तयार करतात. सोडा नंतर जो गॅस सोडतो तो याच कप्प्यांमध्ये भरतो. कप्पेच नसतील तर तो फुलवणार काय? तीनेक मिनिटं बीटर फिरला की मिश्रणाचा पिवळेपणा फिका होतो आणि भांड्याला साखर घासल्याचा खरखर आवाज कमी होतो. मी तो आवाज ऐकूनच थांबतो.

दोन प्रकारच्या साखरा कशाला, असं वाटू शकतं. ब्राऊन शुगरमध्ये मळी असते. ती ओलावा धरून ठेवते म्हणून कुकी मऊ राहते, शिवाय ती थोडी आम्ल असल्यामुळे सोड्याला काम मिळतं. पांढऱ्या साखरेमुळे कुकी पसरते आणि कडा कुरकुरीत होतात. नुसती पांढरी वापरली तर चव सपाट लागते. सोडा मात्र मोजूनच घालावा. जास्त पडला की साबणासारखी चव येते आणि ती कितीही चॉकलेट घातलं तरी झाकली जात नाही.

अंडं खोलीच्या तापमानाचं हवं. थंडगार अंडं घातलं की बटर आखडतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. अंडं आणि व्हॅनिला घालून मिश्रण चकचकीत झालं की बीटर बाजूला ठेवायचा, त्याचं काम संपलं. मैदा, सोडा आणि मीठ एकत्र चाळून घालायचं आणि उलथन्याने वरखाली करायचं. कोरडा मैदा दिसेनासा झाला की लगेच ओट्स आणि चॉकलेट. इथे जोर लावून घोटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि कुकी वातड होते.

चॉकलेटबद्दल थोडं जास्त बोलतो. चिप्समध्ये कोको बटर साधारणपणे कमी असतं, म्हणून त्या ओव्हनमध्येही आपला आकार टिकवतात. चॉकलेटची वडी सुरीने चिरून घातली की तुकडे वितळून पसरतात आणि चुरा पिठात मिसळून बारीक रेषा उमटतात. मी निम्म्या चिप्स आणि निम्मी चिरलेली वडी घालतो, तीही कडसर डार्क चॉकलेटची, कारण गोडवा साखरेने आधीच पुरेसा आणलेला असतो. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये टोल हाउस इन चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांनी जी चॉकलेट कुकी लोकप्रिय केली, तिच्यातही वडीचे तुकडेच होते. खास कुकीसाठी बनवलेल्या चिप्स नंतर आल्या. ही कुकी म्हणे चुकून तयार झाली, असं जिथे-तिथे सांगतात. वेकफिल्डबाई गृहशास्त्र शिकलेल्या होत्या, त्यामुळे त्या चुकीवर माझा तरी विश्वास बसत नाही.

मिश्रण तयार झालं की हात शिवशिवतात. ओव्हन तापलेला असतो, ट्रे समोर असतो. पण ओट्सच्या कुकीत इथे थांबण्याला फार महत्त्व आहे. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी मिश्रणाचे दोन भाग केले. एक लगेच भाजला आणि दुसरा झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवला. लगेच भाजलेल्या कुकीज रुंद आणि पातळ झाल्या, ओट्स वर सुटे-सुटे दिसत होते, रंगही फिका. फ्रीजमधलं मिश्रण बाहेर काढलं तेव्हा त्याची चकाकी गेली होती. ओट्सच्या पाकळ्या फुगल्या होत्या आणि गोळा हाताला न चिकटता सुटत होता. त्याच्या कुकीज जाड झाल्या, कमी पसरल्या आणि चवीला खमंग लागल्या. ओट्स आणि मैदा अंड्यातलं, बटरमधलं पाणी शोषून घेतात आणि घट्ट झालेलं बटर ओव्हनमध्ये उशिरा वितळतं, एवढंच त्यामागचं कारण. तेव्हापासून मी मिश्रण रात्री करून ठेवतो आणि सकाळी भाजतो. मधल्या वेळात बोटाने चाखायचा मोह टाळावा. कच्च्या अंड्यातच नव्हे, कच्च्या मैद्यातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

ओव्हन 180 अंशांवर, पंखा असेल तर 160 वर, चांगली पंधरा-वीस मिनिटं तापवायचा. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांचं पटतंच असं नाही. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घेतल्यापासून माझी अर्धी कटकट संपली. साधारण 35 ग्रॅमचे गोळे करून बेकिंग पेपरवर दोन-दोन इंच अंतराने ठेवायचे आणि तळहाताने किंचित दाबायचे. ओट्समुळे हे गोळे आपोआप फारसे बसत नाहीत.

मग काचेपुढे उभं राहायचं. पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही. नंतर गोळे तळाशी रुंदावतात, वरचा भाग हळूच खचतो आणि कडा फुगतात. आठव्या मिनिटाच्या आसपास भाजलेल्या बटरचा वास येतो आणि कडेला सोनेरी रंग धरायला लागतो. प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकमेकांत मिसळून हा रंग आणि वास देतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. ही क्रिया कडांपासून सुरू होते, कारण कडा आधी कोरड्या होतात.

दहाव्या-अकराव्या मिनिटाला कडा सोनेरी आणि मध्य ओलसर, चमकणारा, चक्क कच्चा दिसतो. नेमका तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा. याला धीर लागतो. हात लावला तर कुकी मोडते, उचलली तर वाकते, आणि ‘अजून दोन मिनिटं’ असं कुणीतरी बाजूने म्हणतंच. ऐकायचं नाही. गरम असेपर्यंत बटर आणि साखरेचा पाक पातळ असतो, त्यामुळे कुकी मऊ वाटणारच. तापलेल्या ट्रेवर आणखी पाच मिनिटं ठेवली की मध्य बसतो, खाली चपटा होतो आणि चमक जाते. मग उलथन्याने जाळीवर काढायची. ओव्हनमध्येच मध्य कोरडा होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ती दगडासारखी लागणार.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत, वाफ धरली की कडांचा कुरकुरीतपणा जातो. हवाबंद डब्यात चार-पाच दिवस छान राहतात. सगळ्या एकदम भाजायची गरजही नाही. उरलेले गोळे ट्रेवर सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करायचे आणि मग पिशवीत भरायचे. हवे तेव्हा तसेच गोठलेले ओव्हनमध्ये जातात. दाबायचं असेल तर गोठवायच्या आधीच दाबून ठेवावेत, आणि भाजताना दोन मिनिटं जास्त द्यावीत.